पायलचा पहिला प्रश्न

त्या साली परतीचा पाऊस आलाच नाही. ज्वारी कमरेपर्यंत आली आणि तिथंच उभी राहिली, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. कणसं बारकी, ताटं वाळकी. तरी आलं ते काढायलाच हवं होतं. मैंदर्गीच्या अलीकडं, ओढ्याच्या कडेला हिंदुराव पाटलांचं रान होतं. तिथं शिवप्पा, त्याची बायको निंगव्वा आणि लेक पायल ही तिघं दिवस वर यायच्या आत वाट्याला आलेल्या ओळींच्या पातीला लागत.

काळ्या जमिनीतली ओल गेली की ती मूठ आवळल्यासारखी होते. ताट धरून मागं रेटा दिला तरी मुळं सुटत नाहीत. निंगव्वानं तळहाताला जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. शिवप्पाच्या पाठीत उसण भरलेली, तो दर चार ताटांमागं कमरेवर हात ठेवून उभा राही. पायल मात्र वाकली की पातीच्या टोकालाच ताठ होई. उंच, खांद्यानं रुंद, विशीच्या आतबाहेरची पोरगी. तिच्या हातात ताट आलं की जमीन आपणहून ते देऊन टाके.

तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. बारशाला मावशीनं चांदीचे वाळे आणले, म्हणून नाव पायल ठेवलं. त्या वाळ्यांच्या आवाजाकडं लेकरू मान वळवत नाही, हे ध्यानात यायला पुढं वर्ष गेलं. शाळेत दोन महिने बसवली, मग मास्तर म्हणाले, घरीच ठेवा. तेव्हापासून ती आईच्या मागं मागं रानात. भूक, पाणी, चल, बस, एवढ्या खुणा घरात होत्या. तेवढ्यावर वीस वर्षं निघाली होती.

मधेच ती खाली बसे आणि तळहात भुईवर टेकवी. डोळे मिटून राही. मग हात झटकून उठे आणि थोड्या वेळानं बांधापलीकडून ट्रॅक्टर येताना दिसे. बायका म्हणत, हिला भुई सांगती.

एवढं एकच खूळ होतं. रस्त्यानं पांढरी जीप गेली की ती हातातलं टाकून पळत सुटे.

त्या दिवशीही तसंच झालं. ऊन चढलं होतं. दूरच्या रानावर हवा पाण्यासारखी हलत होती आणि त्या हलत्या हवेतून एक पांढरी गाडी जणू तरंगत आली. पायलनं पेंढी टाकली. ढेकळं तुडवत, ओढणी मागं उडवत ती रस्त्याला जाऊन भिडली. गाडी तिच्या अंगावर धुरळा उडवून निघून गेली. पायल धुरळ्यात उभी राहिली, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.

"आली बघ येडी!" हिंदुराव बांधावरून ओरडले. "शिवप्पा, पोरीला दावं लाव की रं! असली मानसं घिऊन काम व्हायचं व्हय माझं?"

बाजूच्या पातीतल्या बाया हसल्या. शिवप्पा खाली बघून म्हणाला, "चुकलं, मालक." पायल परत आली. तिनं सगळ्यांच्या तोंडाकडं एकेक करून पाहिलं. कोण रागावलंय आणि कोण हसतंय, एवढं तिला कळलं. ती आपल्या जागी वाकली.

त्याच आठवड्यात झीनत आली. सोलापूरच्या एका संस्थेत ती काम करायची. बहिऱ्या माणसांना खुणांची भाषा शिकवायची, त्यांचं दवाखान्याचं बघायचं, हाताला काही काम लावून द्यायचं, असं त्या संस्थेचं चाललेलं असे. स्कूटीमागं एक सडपातळ, दाढीवाला माणूस बसला होता.

"काका, हे ताबीश सर," ती शिवप्पाला म्हणाली. "तुमच्या गावात वर्ग घेणार आहेत. समाजमंदिरात, दुपारचा. पायलला पाठवाल का?"

"सरांनी इचारावं की. तुमी कशाला?"

"सरांना ऐकू येत नाही."

शिवप्पा बघतच राहिला. मग निंगव्वाकडं वळून म्हणाला, "घ्या. भैऱ्याला भैरा शिकवनार." आणि झीनतला म्हणाला, "बाई, सुगी चाललीया. हिचेच हात चालत्यात आमच्यात. जमायचं न्हाय."

झीनत काही बोलणार, तोवर ताबीश पातीत शिरला होता. बाह्या सारून त्यानं पायलच्या शेजारची पात धरली. पहिलं ताट त्याच्या हातात नुसतंच मोडलं. दुसऱ्याला तो मागच्या मागं पडला. पायलला हसू आवरेना. तिनं त्याचे हात धरून खाली, बुडख्याजवळ ठेवले. त्यानं उपटलं, ताट मुळासकट आलं. मग ते ताट हवेत धरून त्यानं दुसऱ्या हातानं एक खूण केली. पुन्हा ताट दाखवलं, पुन्हा खूण केली.

पायल त्याच्या हाताकडं बघत राहिली. तिचा चेहरा असा झाला की निंगव्वाचा ताट धरलेला हातच थांबला. झोपेत कुणी हाक मारल्यावर माणूस जसं अर्धवट डोळे उघडतं, तसा.

"दुपारची पात मी हिच्या वाटची पन वडते," निंगव्वा नवऱ्याला म्हणाली. "जाऊ द्या तिला."

"एकली जानार व्हय?"

"मग मी बी जाते तिच्यासंगं. सकाळी लौकर लागू की कामाला."

शिवप्पा नाही म्हणाला नाही, व्हयही म्हणाला नाही. निंगव्वानं त्यालाच व्हय धरलं.

समाजमंदिरात दुपारी गार असे. फरशीवर पाठ टेकली की डोळे मिटत. मायलेकी पहाटेपासून राबून येत. निंगव्वा भिंतीला टेकून अर्धी जागी, अर्धी झोपेत बसे. बाहेर लिंबाची पानं गळत असत. समोर ताबीशचे हात हलत, पायलचे हात हलत, आणखी तिघाचौघांचे हलत, आणि कुठंही आवाज नाही. निंगव्वाला वाटे, आपण पाण्याखाली बसलोय. इथं बोलतात, पण पाण्यातले मासे बोलावेत तसं.

पाणी. भाकरी. शेळी. सूर्य. चूल. एकेका वस्तूला एकेक खूण.

आठवडाभर पायल नुसती नक्कल करत होती. मग एका दुपारी काय झालं कुणास ठाऊक. ताबीशनं तांब्या दाखवून खूण केली, आणि पायल एकदम उठली. तिनं दाराला हात लावला आणि त्याच्याकडं पाहिलं. त्यानं खूण केली. खिडकीला लावला. त्यानं खूण केली. भिंत, चप्पल, लिंब, आभाळ. धावत येऊन तिनं निंगव्वाच्या छातीवर हात ठेवला आणि मान वळवून त्याच्याकडं बघितलं, तेव्हा तिचा श्वास लागला होता.

ताबीशनं खूण केली. आई.

पायलनं ती खूण केली, आईच्या डोळ्यांत बघत. निंगव्वाला कित्येक वर्षांत कुणी अव्वा म्हणून हाक मारली नव्हती. एक मारायचा, तोही आता नव्हता. ती पदरात तोंड घालून बसली. झीनत जवळ आली, तर म्हणाली, "काय न्हाय. घाम आलाय."

त्या दिवसापासून घरात शांतता उरली नाही. चुलीपुढं, गोठ्यात, रानात पायल बोट दाखवून नाव विचारी. निंगव्वाला येत नसे ते ती दुसऱ्या दिवशी झीनतला विचारून घेई. ताबीशनं प्रत्येकाला खुणेचं नाव दिलं. निंगव्वाचं नाव पदर खांद्यावर सारण्यावरून. घरी आल्यावर पायलनं बापासाठी स्वतःच एक नाव काढलं, दोन बोटांनी मिशा पिळायची.

"मला मिश्या म्हनती व्हय?" शिवप्पा म्हणाला आणि हसत पाठ धरून खाली बसला. पण खुणा शिकायला तो काही तयार नव्हता. "आमचं काय व्हतंय आता. तुमी दोघी बोला."

ज्वारी काढून झाली, कणसं मोडायचं सुरू झालं. कणसांची कुसळं अंगाला लागून चामडी चरचरत होती. अशाच एका पहाटे पायल अंथरुणात उठून बसली. डोळ्यांत झोप होती. बाहेर उजाडत होतं, पत्र्याच्या फटीतून आलेला उजेड दुधासारखा पसरला होता. निंगव्वा पीठ मळत होती. पायलनं तिला हलवलं.

गाल हातावर टेकवून मिटलेले डोळे दाखवले. झोप. मग कपाळाजवळून बोटं वर, लांब नेली. स्वप्न. ही खूण नवी होती, आदल्या दिवशीचीच. मग तिनं जमिनीपासून हात वर धरला, एका पोराच्या उंचीएवढा. पुढचा दात दाखवून त्याचा तुकडा पडल्यासारखं केलं.

निंगव्वाचे हात पिठात थांबले.

पायलनं हवेत जीपचं चाक फिरवल्यासारखं केलं. पुन्हा तो दात दाखवला. मग दोन्ही तळहात वर करून हलवले, भुवया उंचावल्या. ही खूण निंगव्वाला चांगली येत होती. कुठं?

अजिंक्य निंगव्वाचा थोरला मुलगा, पुढचा दात अर्धा तुटलेला. दहा-अकराचा असताना त्याला ताप आला. गावातल्या एकाच्या पांढऱ्या जीपमधून त्याला सोलापूरला नेला. पायल तेव्हा सहा-सात वर्षांची. ती ओट्यावर उभी राहून बघत होती. तिला मावशीकडं मैंदर्गीला पाठवलं आणि महिन्यानं आणलं. तोवर सगळं उरकलं होतं. घरात अजिंक्यचा सदरा, चप्पल, काही ठेवलं नव्हतं. तिला कुणी काही सांगितलं नाही. सांगणार कसं?

म्हणजे इतकी वर्षं पोर प्रत्येक गाडीतून त्याला उतरवून घ्यायला धावत होती.

निंगव्वानं हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. पायल उत्तरासाठी तिच्या बोटांकडं बघत होती. निंगव्वानं चूल दाखवली, उशीर झाला म्हणाली आणि पाठ फिरवली.

दुपारी तिनं झीनतला बाहेर लिंबाखाली घेतलं. "मेला, असं कसं म्हनत्यात?"

झीनतला आधी कळलं नाही. कळलं तशी ती वर्गाच्या दाराशी गेली. मग ताबीशला बोलावून तिनं हातांनी सगळं सांगितलं. त्यानं निंगव्वाकडं बघून काही खुणा केल्या.

"सर म्हणतात, त्यांची दादी वारली तेव्हा घरच्यांनी त्यांनाही सांगितलं नव्हतं. ती हैदराबादला गेली, एवढंच दाखवलं. ते मोठे होईपर्यंत तिच्यावर रागावून होते, की आपल्याला सोडून गेली." झीनत निंगव्वाजवळ सरकली. "मावशी, सर सांगतील पायलला. तुम्ही नुसतं जवळ बसा."

"नगं. मी आई हाय तिची. मला शिकवा."

ताबीशनं दोन्ही तळहात पुढं धरले आणि हळूच कुशीवर वळवले. निंगव्वानं करून पाहिलं. तिला नीट जमेना, म्हणून त्यानं तिचे हात आपल्या हातात धरून वळवून दिले. मग ताप, डॉक्टर, माती, या खुणा.

ओढ्याच्या वरच्या अंगाला करंजाची झाडं आहेत. तिथं लहान पोरांना पुरतात. दिवस कलताना निंगव्वा पायलला तिथं घेऊन गेली. मातीचा उंचवटा पावसापाण्यानं कधीच सपाट झाला होता. फक्त दोन दगड होते. निंगव्वा बसली, पायलला समोर बसवलं आणि सांगू लागली. दात तुटलेला. ताप. गाडी. डॉक्टर. तिचे हात जड, चुका करत चाललेले. मग तिनं तळहात पुढं धरले आणि कुशीवर वळवले. शेवटी दगडांकडं बोट केलं. इथं.

पायलला कळलं नाही. तिनं दगड बघितले, आईला बघितलं. कुठं?

इथं.

पायल पुढं सरकली. तिनं दोन्ही तळहात त्या मातीवर टेकवले आणि डोळे मिटले, ट्रॅक्टर येतोय का बघताना मिटायची तसे. वारा पडला होता. करंजाची सावली लांबत लांबत तिच्या पाठीवरून गेली. ती हलली नाही. बोटं पसरून, सगळं अंग तळहातात आणून ती थांबली होती. निंगव्वाला वाटलं, आता काही तरी होईल. आपणच काही तरी चुकीचं सांगितलंय, खाली पोर जागा असेल.

मग पायलनं हात उचलले. मातीचे तळवे बघितले. हळूच ते कुशीवर वळवले.

आणि ती ओरडली. तिला स्वतःचा आवाज ठाऊक नव्हता, म्हणून तो कुठं थांबवायचा हेही ठाऊक नव्हतं. ओढ्यापलीकडची मेंढरं बुजली. रानातली माणसं धावत आली. हिंदुरावही आले. त्यांनी बघितलं, दगड बघितले आणि डोक्यावरची टोपी काढून परत फिरले.

चार दिवस पायल उठली नाही. भाकरी शिवली नाही. आई जवळ गेली की तोंड भिंतीकडं करी. एकदा उठून बसली आणि निंगव्वाच्या तोंडासमोर हात आपटत म्हणाली, तू. सांगितलं. नाही. तेच पुन्हा, तेच पुन्हा. निंगव्वाला हातानं एवढंच म्हणता आलं की तेव्हा बोलणारे हात नव्हते. ते तरी पोरीला कळलं की नाही, देव जाणे.

शिवप्पा पेटला होता. "सुखात व्हती की गं लेकरू! वाट बघत व्हती, बघू द्यायची. काय मिळालं तुला?"

"तिनं इचारलं. मग काय करू?"

"न्हाय म्हनायचं! ठावं न्हाय म्हनायचं!" झीनत स्कूटीवरून आली, तर तो दारातच आडवा झाला. "बाई, तुमच्या पाया पडतो. पुन्ना येऊ नगा. तुमच्या शाळंनं माझ्या घरात दुसऱ्यांदा मढं आनलं."

झीनत डोळे पुसत परत गेली. वर्गाला पायल नसे, निंगव्वा नसे. दुपार पुन्हा रानात जाऊ लागली.

मळणी झाली त्या दिवशी शिवप्पा लवकर घरी आला. अंगभर भुस्कट. पायल ओट्यावर बसली होती, कितीतरी दिवसांनी बाहेर येऊन. निंगव्वा आत भाकऱ्या थापत होती, तिला दारातून दोघं दिसत होती. शिवप्पा पाणी पिऊन पोरीपासून हातभर अंतरावर टेकला.

पायलनं दोन बोटांनी मिशा पिळल्या. शिवप्पानं मान वळवली. तिनं डोळ्यांखालून बोट गालावर ओढलं आणि भुवया उचलल्या.

हे समजायला वर्ग लागत नव्हता. तू रडलास?

शिवप्पानं इकडंतिकडं पाहिलं. उठायला लागला, पाठ धरली, पुन्हा बसला. मग त्यानं दोन्ही हात पुढं केले, कोपरात वाकवून, तळवे वर. जीपमधून पोराला उचलून घेतलं होतं तसे. ते मोकळे हात ओझ्यानं खाली खाली चालले. तो उभा राहिला आणि ते हात तसेच धरून अंगणात चार पावलं चालला. वाकला. काहीतरी खाली ठेवलं. वरून माती लोटली, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. मग तो तिथंच उकिडवा बसला आणि मोकळ्या हातांकडं बघत म्हणाला, "हलका झाला व्हता गं. काय बी वजन न्हवतं त्याला."

हे त्यानं निंगव्वालाही कधी सांगितलं नव्हतं.

पायल त्याच्यापाशी गेली. त्याच्या केसांतलं भुस्कट एकेक वेचून काढू लागली. तव्यावरची भाकरी करपली तरी निंगव्वा उठली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवप्पाच समाजमंदिराच्या दारात जाऊन उभा राहिला. झीनतला म्हणाला, "बोललो ते मनात धरू नगा. पोरगी आलीया माझ्यासंगं."

उन्हाळाभर पायल शिकली. वाक्य जोडायला लागली, अक्षरं गिरवायला लागली. आईशी भांडायला लागली, ओढणीवरून, मिठावरून. शेजारीण म्हणाली, पोरगी बिघडली. रस्त्यानं गाडी गेली तर ती मान वर करून बघे आणि पुन्हा वाके. तेव्हा निंगव्वाला गलबलून येई. मागची ती धावणारी पोर कधी कधी हवीशी वाटे.

मृगाच्या तोंडावर ताबीशनं विचारलं, सोलापुरात संस्थेचं शिवणकामाचं शिक्षण आहे, गणवेश शिवायचं. राहायची सोय आहे. येतेस का? त्यानं हे शिवप्पाला विचारलं नाही, निंगव्वाला विचारलं नाही. पायललाच विचारलं. आणि पायल म्हणाली, उद्या सांगते. रात्रभर ती काय विचार करत होती कुणाला ठाऊक. सकाळी म्हणाली, जाते.

अक्कलकोटच्या स्टँडवर गर्दी होती. झीनत पुढच्या सीटवर बसली, पायल मागं, खिडकीशी. खिडकीची चौकट गंजली होती, काच सरकत नव्हती. गाडी सुरू झाली आणि सगळं स्टँड घरघरू लागलं. खाली उभी असलेली माणसं काचेवर टकटक करून ओरडत होती. आतली माणसं कानाला हात लावत होती. काय? काय म्हनतूस? ऐकू येत न्हाय!

निंगव्वा काचेपासून लांब, ऊन लागेल अशी उभी राहिली, हात नीट दिसावेत म्हणून. सकाळी उठल्यावर तोंड धू. चटणी वरच्या पिशवीत हाय. भांडू नगं कुणाशी.

मिश्याची पाठ शेक, पायल म्हणाली. त्याला वज्जं उचलू देऊ नगं.

शेजारची एक बाई बघत होती. "मुकी हाय व्हय वो पोरगी?"

"कुठली? ती?" निंगव्वानं हात न थांबवता म्हटलं. "लई बोलती."

शिवप्पा मधे आला. "अगं, तिला इचार की. भ्या वाटतंया का म्हनावं."

निंगव्वानं विचारलं. पायलनं क्षणभर बाहेरच्या गर्दीकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं आणि सावकाश, दोन्ही हातांनी सांगितलं. गाडी मागं आली, वळली. काचेवर आभाळ आलं आणि पायल दिसेनाशी झाली.

"काय म्हनली?"

"व्हय म्हनली. लई भ्या वाटतंय." निंगव्वानं पदर खांद्यावर सारला. "पन तुमी जावा म्हनली घरी. उनात उभं ऱ्हाऊ नगा."

तरी दोघं तिथंच उभी राहिली, गाडीचा धुरळा खाली बसेपर्यंत.